आईबापांची सही

लंडनच्या सर्वोच्च न्यायालयात २४ सप्टेंबर २०१९ रोजी वाचला गेलेला निकाल अनेकांना आठवत असेल. ब्रेक्झिटच्या धुमाळीत बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून पार्लमेंट स्थगित झाली होती. अकरा न्यायाधीशांनी एकमताने ते बेकायदा ठरवलं. निकाल वाचणाऱ्या अध्यक्ष लेडी ब्रेंडा हेल यांच्या काळ्या पोशाखावर कोळ्याच्या आकाराचा चमचमता ब्रूच होता, आणि पुढचे काही दिवस निकालाइतकीच चर्चा त्या कोळ्याची चालली. या गदारोळात २६ तारखेला त्याच न्यायालयाने दिलेला आणखी एक निकाल कायद्याच्या वर्तुळाबाहेर फारसा कोणाच्या कानावर गेला नाही. तो एका मुलाबद्दल होता. कागदोपत्री त्याचं नाव नुसतं ‘डी’.

डीचा जन्म १९९९चा. चौथ्या वर्षी अतिचंचलतेचं निदान झालं, सातव्या वर्षी अॅस्पर्गरचं, आठव्या वर्षी टुरेटचं. शिवाय सौम्य बौद्धिक अक्षमता होतीच. आईवडिलांनी त्याला घरी वाढवलं. ते आवाक्याबाहेर गेलं तेव्हा, ऑक्टोबर २०१३ मध्ये, चौदाव्या वर्षी तो मनोरुग्णालयात दाखल झाला. रुग्णालयाच्या आवारातल्या एका इमारतीत त्याची राहायची सोय होती. बाहेरचं दार कुलूपबंद. दर अर्ध्या तासाने कोणीतरी येऊन त्याच्याकडे बघून जाई. शाळा आवारातच. आवाराबाहेर जायचं तर बरोबर माणूस हवाच. या सगळ्याला आईवडिलांची संमती होती.

या गोष्टीत खलनायक शोधायला गेलं तर सापडत नाही. आईवडील प्रेमळ, डॉक्टर जबाबदार, आणि व्यवस्था मुलाच्या भल्याची, याबद्दल कोर्टात कोणाचाही वाद नव्हता. आम्ही करतो आहोत ते या मुलाला डांबून ठेवणं होतं का, आणि होत असेल तर ते कोणाच्या अधिकारात, असा प्रश्न रुग्णालयानेच न्यायालयापुढे नेला. मार्च २०१५ मध्ये न्या. कीहान यांनी उत्तर दिलं ते असं: होय, याचं स्वातंत्र्य हिरावलं गेलं आहे, पण आईवडिलांनी हो म्हटलं आहे, म्हणून ते कायदेशीर आहे.

म्हणजे एकाचं स्वातंत्र्य गेलं आणि त्याला संमती दिली दुसऱ्याने. सज्ञान माणसाच्या बाबतीत असं म्हणायची कोणाची छाती होणार नाही. मुलांच्या बाबतीत मात्र ते आपल्याला इतकं स्वाभाविक वाटतं की त्यात काही विचारण्यासारखं आहे हेच ध्यानात येत नाही. दिवेलागणीनंतर बाहेर जायचं नाही, अभ्यास झाल्याशिवाय दार उघडणार नाही, वसतिगृहात राहायचं म्हणजे राहायचं. कोणतं मूल हे ऐकत मोठं झालेलं नाही? प्रश्न असा की हा अधिकार येतो कुठून आणि कधी संपतो. इंग्रजी कायद्याने त्याचं उत्तर शोधायला शंभराहून अधिक वर्षं घेतली आणि त्या शोधात अपंग मुलाला तो बराच काळ विसरूनच गेला.

व्हिक्टोरिया राणीच्या काळी उत्तर सोपं होतं. अधिकार बापाचा, आणि मूल एकवीस वर्षांचं होईपर्यंत तो अखंड. लिओपोल्ड एगर-एलिस नावाचे एक प्रॉटेस्टंट गृहस्थ होते. बायको कॅथलिक. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवू असं वचन त्यांनी लग्नाच्या वेळी दिलं आणि नंतर फिरवलं. मुली आईच्या वळणावर जात आहेत असं दिसताच त्यांना तिच्यापासून तोडलं. प्रकरण कोर्टात गेलं. १८८३ मध्ये सोळा वर्षांच्या मुलीने मागितलं ते एवढंच की सुट्टी आईबरोबर घालवू द्यावी. अपील न्यायालयाने नकार दिला. बाप काय करतो आहे ते शहाणपणाचं आहे की नाही हे बघणं कोर्टाचं काम नाही. मुलीचं हित कशात आहे हे बापालाच कळतं, असं त्या न्यायमूर्तींचं म्हणणं होतं. सात वर्षांनी इंग्रजांनी इथे गार्डियन्स अँड वॉर्ड्स अॅक्ट, १८९० आणला. आपल्या कोर्टांत मुलांच्या ताब्याचे दावे आजही त्याच कायद्याखाली चालतात.

एगर-एलिसचा निकाल पुढे इंग्लंडलाच लाजिरवाणा वाटू लागला. लॉर्ड डेनिंग यांनी त्याची संभावना व्हिक्टोरियन बापाची वृत्ती अशी केली आणि म्हटलं की आईबापांचा अधिकार हा झिजत जाणारा अधिकार आहे; सुरुवात हुकमाने होते आणि शेवटी उरतो तो जेमतेम सल्ला. १९६९च्या कायद्याने सोळा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या वैद्यकीय उपचारांना स्वतः संमती द्यायचा हक्क दिला. मग आली ती व्हिक्टोरिया गिलिक यांची केस. दहा मुलांची ही कॅथलिक आई. माझ्या सोळा वर्षांखालच्या मुलींना माझ्या परवानगीशिवाय डॉक्टरांनी संततिनियमनाचा सल्ला देऊ नये, असं तिचं म्हणणं. ऑक्टोबर १९८५ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहाने ते तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळलं. मुलाला त्या निर्णयाचा अर्थ पुरता कळत असेल तर निर्णय मुलाचा, हे तेव्हापासूनचं सूत्र. ब्रिटनमधली डॉक्टर मंडळी आजही ‘गिलिक सक्षमता’ तपासतात, ती हीच.

बालहक्कांच्या इतिहासात गिलिकचा मान मोठा आहे, आणि तो योग्यच आहे. पण त्या सूत्रातली मेख बघा. अधिकार झिजतो तो मुलाची समज वाढते म्हणून. ज्याची समज त्या मापाने वाढणारच नाही, त्याच्यावरचा अधिकार मग झिजतच नाही. शेजारचा मुलगा सोळाव्या वर्षी दाराबाहेर पडतो. बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा त्याच वयात कायद्याच्या दृष्टीने सहा वर्षांचाच राहतो. डीवर जो प्रसंग आला त्याचं मूळ इथे आहे.

त्याच्या चाळीस वर्षं आधी इंग्लंडच्याच कोर्टात आणखी एक ‘डी’ येऊन गेली होती. ही शेफील्डची अकरा वर्षांची मुलगी, सोटोस सिंड्रोम असलेली. वडील वारले होते. आई मुलीवर जीव टाकणारी आणि भविष्याच्या काळजीने पोखरलेली: हिला कोणी फसवलं, दिवस गेले, तर? तिने मुलीचं निर्बीजीकरण करून टाकायचं ठरवलं. डॉक्टर तयार झाले. शस्त्रक्रियेची तारीखही ठरली. आई हो म्हणते, डॉक्टर हो म्हणतात, मग तिसऱ्याने बोलायचं काय कारण? पण मुलीशी कामानिमित्त संबंध आलेली एक शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ बोलली. ती नात्याची ना गोत्याची, पण तिने कोर्टात धाव घेऊन मुलीला न्यायालयाच्या पालकत्वाखाली आणलं. १९७५ मध्ये न्या. रोझ हाइलब्रॉन यांनी शस्त्रक्रिया थांबवली. या मुलीला पुढे स्वतः निर्णय घेण्याइतपत समज येण्याची शक्यता आहे, आणि मूल होऊ देण्याचा मूलभूत हक्क आईच्या संमतीने काढून घेता येत नाही, असं त्यांनी सांगितलं.

आईबाप दुष्ट असतात ही गोष्ट विरळा. कायद्याला तिच्याशी लढता येतं. मारहाण, उपासमार, छळ यांच्यासाठी कलमं आहेत. अवघड असते ती प्रेमाने केलेली सही, कारण तिच्याकडे कोणी वळून बघत नाही. आणि त्या सहीचा सर्वांत मोठा लाभ आईबापांना मिळतच नाही. तो मिळतो सरकारला.

हे नीट पाहायचं तर अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या मिलेजव्हिल या गावी जावं लागेल. तिथलं मनोरुग्णालय १८४२ सालचं. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे बारा हजारांच्या आसपास माणसं कोंबलेली होती आणि जगातल्या सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांत त्याची गणना होई. जॉर्जियातल्या पिढ्यान् पिढ्या पोरांनी ‘दंगा केलास तर मिलेजव्हिलला पाठवीन’ ही धमकी ऐकलेली. पुढे ज्यांच्या वतीने खटला झाला ती दोन मुलं मात्र खरोखरच तिथे होती.

जे. एल. हा दत्तक मुलगा. आईवडिलांचा घटस्फोट झाला, आईने दुसरं लग्न केलं, घरात नवं बाळ आलं. १९७० मध्ये सहाव्या वर्षी आईने त्याला मिलेजव्हिलच्या रुग्णालयात ठेवलं. कारण दिलं होतं, मूल आवरत नाही. दुसरा जे. आर. त्याला तर घरच नव्हतं. तीन महिन्यांचा असताना हेळसांड होते म्हणून सरकारने त्याला आईवडिलांपासून काढून घेतलं. पुढच्या सात वर्षांत सात घरं बदलली आणि त्याच १९७० साली सातव्या वर्षी तोही तिथेच पोचला. त्याच्या कागदांवर आक्रमक वर्तनाबरोबर सीमारेषेवरची मतिमंदता अशीही नोंद होती. जॉर्जियाचा कायदा आटोपशीर होता: अठरा वर्षांखालच्या मुलासाठी आईबापाने किंवा पालकाने अर्ज करायचा आणि अधीक्षकाने दाखल करून घ्यायचं. न्यायाधीश नाही, वकील नाही, सुनावणी नाही. आणि गंमत अशी की कोणी मनाविरुद्ध आणलेलं नाही, आईबापांनी हौसेने आणलं आहे, तेव्हा अशा मुलाची जमा ‘स्वेच्छेने दाखल’ या सदरात.

दोघांनाही बाहेर एखाद्या घरी ठेवावं, असं पुढे रुग्णालयातल्या लोकांनीच सुचवलं. ते घर काही मिळेना. राज्याने नेमलेल्या अभ्यासगटानेही १९७०च्या दशकात सांगून टाकलं होतं की रुग्णालयांतल्या निम्म्याहून अधिक मुलांना तिथे ठेवायची गरजच नाही, बाहेर दुसरी सोय असेल तर. या शेवटच्या पाच शब्दांत सगळं आलं. मूल आत होतं ते त्याला आतच बरं होतं म्हणून नव्हे. बाहेर सरकारने काही उभारलंच नव्हतं म्हणून. आणि दप्तरात मात्र कारण नोंदलेलं: पालकांची इच्छा.

१९७५ मध्ये या दोघांच्या वतीने खटला उभा राहिला. तीन न्यायाधीशांच्या संघीय कोर्टाने दुसऱ्याच वर्षी जॉर्जियाचा कायदा घटनाबाह्य ठरवला. राज्य वॉशिंग्टनला सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे प्रकरण पडून असतानाच जे. एल. वारला आणि इतिहासात खटल्याचं नाव उरलं ते ‘पॅरम विरुद्ध जे. आर.’ २० जून १९७९ रोजी सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी निकाल दिला. मुलाला स्वातंत्र्य आहे, मनोरुग्णालयाचा शिक्का आयुष्याला चिकटतो, हे त्यांनी मान्य केलं. पण आईबाप आपल्या लेकराचं भलंच पाहतात हे गृहीत धरूनच कायदा चालत आला आहे, आणि काही आईबाप चुकतात म्हणून ते गृहीतक मोडीत काढायचं कारण नाही, असं त्यांचं मत. न्यायालयीन सुनावणी कशाला? डॉक्टरने तटस्थपणे तपासावं, की झालं.

आईबापांबद्दल हा युक्तिवाद निदान समजू तरी शकतो. जे. आर.चं काय? त्याचं पालक राज्य होतं. राज्याच्या एका खात्याने अर्ज करायचा, राज्याच्याच रुग्णालयाने तो मंजूर करायचा, आणि मधल्या ममतेचं गृहीतक तसंच ठेवायचं! कायद्यानुसार राज्यानेही मुलाचं हितच बघायचं असतं, तेव्हा दाखल करताना तीच पद्धत चालेल, असं बहुमताने ठरलं. न्या. ब्रेनन यांनी दोन सहकाऱ्यांसह याला विरोध केला. घरातल्या शिस्तीबद्दल आईबापांना मोकळीक द्यावी, पण ज्या क्षणी ते मुलाला घराबाहेर, संस्थेच्या कुलपाआड ठेवायला निघतात त्या क्षणी कुटुंबाची एकी आधीच तुटलेली असते, असा त्यांचा मुद्दा. चाळीस वर्षांनी वाचलं तरी तो मुद्दा ताजा वाटतो.

पण आईबापांच्या बाजूने बोलायचं तर विलोब्रुकचं नाव घ्यायला हवं. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरची ही बौद्धिक अक्षम मुलांची सरकारी संस्था चार हजारांसाठी बांधलेली. साठच्या दशकात तिथे सहा हजार होते. डॉ. सॉल क्रुगमन तिथल्या मुलांना मुद्दाम काविळीची लागण करून संशोधन करत होते आणि त्यालाही आईबापांच्या सह्या होत्या. या सह्या कशा मिळाल्या? १९६४च्या अखेरीस गर्दीमुळे नवे प्रवेश बंद झाले, पण संशोधनाच्या विभागात जागा होती. वर्षानुवर्षं थकलेल्या आईपुढे ते एकच दार उघडं ठेवलं तर ती काय करील? हीच आईबाप मंडळी १९७२ मध्ये सरकारवर उलटली. टेलिव्हिजनच्या पत्रकाराने आतली नागडी, भिंतीला टेकून बसलेली मुलं दाखवली आणि दोनच महिन्यांत पालकांनी खटला भरला. १९७५चा समझोता त्यांनी पदरात पाडून घेतला आणि १९८७ मध्ये विलोब्रुक बंद झालं. तेव्हा आईबापांचा अधिकार म्हणजे मुलाच्या गळ्यातला फास असं सरधोपट म्हणता येत नाही. बऱ्याच वेळा त्या मुलासाठी दार ठोठावणारं जगात दुसरं कोणी नसतं.

युरोपात हा प्रश्न एका वेगळ्याच मुलाच्या रूपाने आला. डेन्मार्कच्या नील्सन खटल्यातला मुलगा अपंग नव्हताच. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं, आणि त्या वेळच्या डॅनिश कायद्याप्रमाणे मुलगा आईचा. मुलाला राहायचं होतं वडिलांकडे. बाप-लेक काही वर्षं चक्क भूमिगत राहिले. १९८३ च्या शरदात ते सापडले, आणि बारा वर्षांच्या त्या मुलाला आईच्या विनंतीवरून कोपनहेगनच्या रुग्णालयात मुलांच्या मनोविकार विभागात ठेवलं. साडेपाच महिने. औषध काही नाही, नुसती बोलणी. दार कुलूपबंद. त्याला वेड लागलेलं नव्हतं. त्याला आईकडे जायचं नव्हतं.

स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २८ नोव्हेंबर १९८८ रोजी नऊ विरुद्ध सात मतांनी ठरवलं की याला स्थानबद्धता म्हणताच येणार नाही. आईने पालक म्हणून जबाबदारीने घेतलेला तो निर्णय होता आणि बारा वर्षांच्या मुलाच्या मनाविरुद्ध असे निर्णय आईबाप घेतातच. नऊ-सात! एक मत इकडचं तिकडे गेलं असतं तर बरोबरी झाली असती. पण निकाल तो निकाल. पुढची तीस वर्षं युरोपात कोणीही मुलाच्या स्वातंत्र्याचा विषय काढला की समोरचा वकील नील्सन काढी. धडधाकट मुलाबद्दलचा हा निवाडा सर्वाधिक वापरला गेला तो अपंग मुलांविरुद्ध, हे मला त्यातलं सर्वांत विचित्र वाटतं.

वारं फिरलं ते प्रौढांच्या खटल्यांनी. ऑटिझम असलेला, बोलता न येणारा एक माणूस जुलै १९९७ मध्ये दिवसकेंद्रात अस्वस्थ झाला म्हणून त्याला बोर्नवुड रुग्णालयात नेलं. ज्या जोडप्याच्या घरी तो राहत होता त्यांना भेटूही दिलं नाही. तो ‘नाही’ म्हणत नव्हता, म्हणून तो स्वखुशीने राहतो आहे असं धरलं गेलं. लॉर्ड्सच्या बहुमतानेही तो डांबलेला नाही असं म्हटलं. स्ट्रासबुर्गने २००४ मध्ये ते उलटवलं. विरोध न करणं म्हणजे संमती नव्हे, एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला सात वर्षं लागली.

मग सरे परगण्यातल्या दोन बहिणी. दोघींना बौद्धिक अक्षमता. प्रकरण सुरू झालं तेव्हा एक सोळा वर्षांची, दुसरी पंधराची. थोरली एका पालक-आईच्या घरी राही, तिला ‘मम’ म्हणे आणि घर सोडून जायचा तिने कधी प्रयत्नही केला नाही. केला असता तर मात्र तिला अडवलं असतं. ही कैद का? १९ मार्च २०१४ रोजी, चेशायर वेस्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात, लेडी हेल म्हणाल्या की होय. सतत नजरेखाली असणं आणि निघून जायची मोकळीक नसणं, या दोन गोष्टी असल्या की स्वातंत्र्य हिरावलेलं असतं. घर कितीही उबदार असो. सोन्याचा असला तरी पिंजरा तो पिंजराच, हे वाक्य त्याच निकालातलं. चारास तीन मतांनी तो या बहिणींना लागू झाला. अपंगत्व आहे म्हणून स्वातंत्र्याची व्याख्या आखूड करायची नाही, हे त्याचं सार. तोवर इंग्लंडमधली कोर्टं उलट मापाने मोजत असत: अशा माणसाने एरवी तरी कुठे फार मोकळं जगायचं होतं!

डीचा खटला याच निकालामुळे उभा राहिला. तो सोळा वर्षांचा झाल्यावर त्याला रुग्णालयातून हलवून एका निवासी घरात ठेवलं. बर्मिंगहॅम महापालिकेने केलेली ती सोय. दारं पुन्हा कुलूपबंद. जानेवारी २०१६ मध्ये न्या. कीहान यांनी आता वेगळं सांगितलं: सोळा उलटल्यावर आईवडिलांची संमती पुरणार नाही. अपील न्यायालयात २०१७ मध्ये सर जेम्स मन्बी यांनी ते फिरवलं. त्यांनी गिलिक काढला आणि वर सांगितलेली मेख इथे उघडी पडली: समज नाही तोवर आईबापांचा अधिकार, मग वय सोळा असो. महापालिका या निकालावर खूश. सरकारही. दर मुलामागे कोर्टात जायचं म्हणजे वेळ आणि पैसा. आईबापांची सही फुकट.

सर्वोच्च न्यायालयात निकाल लागेपर्यंत डी वीस वर्षांचा झाला होता आणि त्याच्यापुरता प्रश्न संपला होता. पाच न्यायाधीशांत तीन स्त्रिया: हेल, ब्लॅक, आर्डन. तिघी एका बाजूला. दोन पुरुष न्यायमूर्ती, कार्नवाथ आणि लॉइड-जोन्स, दुसऱ्या. हेल यांनी मोजमाप बदललं. डीची तुलना त्याच्यासारख्याच दुसऱ्या अक्षम मुलाशी करायची नाही; त्याच्या वयाच्या कोणत्याही मुलाशी करायची. सोळा-सतरा वर्षांच्या मुलावर त्याचे आईबाप चोवीस तास पहारा ठेवत नाहीत. ठेवत असतील तर ते पालकत्वाच्या नेहमीच्या कक्षेबाहेरचं आहे. त्यामागचा हेतू किती चांगला आहे याने ते कैद आहे की नाही हे ठरत नाही. हेतूचा प्रश्न नंतरचा, समर्थन देताना. आणि मुलाचा हक्क हा मुलाचा आहे. तो आईबापांनी त्याच्या वतीने सोडून द्यायचा नसतो.

कार्नवाथ यांचं विरोधी मत टाकाऊ नव्हतं. नील्सनचा निवाडा अजून जिवंत आहे, आणि चांगल्या आईबापांना हक्काने घेता येणारा निर्णय कोर्टाच्या खेपांत अडकवून मुलाला काय मिळणार, ही त्यांची शंका. व्यवहारात ती थोडीफार खरीही ठरली. इंग्लंडमध्ये आता सोळा-सतरा वर्षांच्या अशा प्रत्येक मुलासाठी कोर्टाची मंजुरी लागते, आणि आईबापांना आपल्याच मुलाबद्दल आपण प्रतिवादी झाल्यासारखं वाटतं. सोळा वर्षांखालच्यांचं काय, हे हेल यांनी मोकळंच ठेवलं. २०२२ मध्ये न्या. लिव्हन यांनी तिथे आईबापांची संमती चालेल असं ठरवलं. म्हणजे आज पंधराव्या वाढदिवशी कुलूप कायदेशीर आहे ते आईच्या सहीने, आणि सोळाव्या वाढदिवशी तेच कुलूप, तेच दार, तोच मुलगा, आणि न्यायाधीश लागतो.

आपल्याकडे या गोष्टीला तुरुंगातून सुरुवात करावी लागते. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मांडलेल्या प्रकरणात देशभरच्या तुरुंगांत ठेवलेली मुलं होती, आणि त्यांत कोणताही गुन्हा नसलेली अपंग, मतिमंद, टाकून दिलेली मुलंही होती. ‘सुरक्षिततेसाठी’ म्हणून तुरुंगात. त्यांच्या बाबतीत तर सहीचाही प्रश्न नव्हता. मग फेब्रुवारी १९९४. पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या मतिमंद मुलींच्या संस्थेतल्या काही मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीच्या दिवसांत त्यांची स्वच्छता राखणं जमत नाही, हे कारण. स्त्री संघटनांनी रान उठवलं आणि उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वेळी वर्तमानपत्रांत जी वादावादी झाली तिच्यात समर्थकांचा मुख्य आधार हाच होता की सांभाळणाऱ्यांनाच कळतं. त्याच्या दोन वर्षं आधी, मे १९९२ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने ‘मॅरियन’ या चौदा वर्षांच्या अक्षम मुलीच्या खटल्यात सांगितलं होतं की अशा शस्त्रक्रियेला आईबापांची संमती पुरत नाही. शिरूरच्या चर्चेत तो निकाल कोणाच्या हाताशी असता तर!

पुढे आपला कायदा बराच बदलला, हे कबूल करायला हवं. २०१८ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ८७ डोळ्यांखालून घातलं तर जॉर्जियाची आठवण होऊन बरं वाटतं. अठरा वर्षांखालच्या मुलाला मनोरुग्णालयात ठेवायचं तर आईबापांचा अर्ज पुरत नाही. दोन तज्ज्ञांनी, त्यांत एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच, त्याला वेगवेगळं तपासायचं. मोठ्यांबरोबर ठेवायचं नाही. जवळचं माणूस मुक्कामाला हवं. मुलगी असेल तर बाईमाणूस. बहात्तर तासांत पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं, आणि मंडळाला वाटलं तर त्याने मुलाला येऊन भेटायचं. तीस दिवसांपुढे ठेवायचं झालं तर फेरतपासणी सक्तीची. याच कायद्याच्या कलम ९५ने साखळीने बांधण्यावर बंदी आणली. तमिळनाडूतल्या एरवाडीला ऑगस्ट २००१ मध्ये साखळदंडांनी बांधलेली माणसं आगीत जळून मेली, त्याची ही उशिरा आलेली नोंद.

पण हा कायदा मनोविकाराचा. मतिमंदतेला त्याच्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळलं आहे. वैद्यकदृष्ट्या ते बरोबरच. बौद्धिक अक्षमता हा आजार नव्हे. परिणाम मात्र असा की नैराश्य आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी मंडळ आहे, बहात्तर तास आहेत, फेरतपासणी आहे. आणि त्याच वयाच्या बौद्धिक अक्षम मुलाला निवासी संस्थेत वर्षानुवर्षं ठेवलं तर त्याच्या राहण्याची ठरावीक मुदतीने तपासणी करणारं असं मंडळ नाही. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा केवळ अपंगत्वाच्या कारणावरून कोणाचं स्वातंत्र्य हिरावू नये असं कलम ३ मध्ये सांगतो, संस्थांची नोंदणीही सक्तीची करतो. नोंदणी इमारतीची होते, सोयींची होते. आत राहणाऱ्या एकेका मुलाला ‘तुला इथे राहायचं आहे का’ असं कोणी विचारायचं, हे त्यात आलेलं नाही.

अठरा पूर्ण झाल्यावर तरी सही संपते का? ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. तो मुळात आईबापांच्या मागणीतून आला. आमच्या मागे याचं कोण, या त्यांच्या प्रश्नाला ते उत्तर होतं. जिल्ह्यातल्या स्थानिक समितीकडे आईबाप, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करतात आणि समिती सज्ञान व्यक्तीसाठीही पालक नेमते. असा पालक छळ करू लागला, हेळसांड करू लागला, तर त्याला काढून टाकण्याची तरतूद कलम १७ मध्ये आहे. तो अर्ज कोणी करायचा तेही तिथेच लिहिलं आहे: आईबाप, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था. ज्याच्यासाठी पालक नेमला त्याचा उल्लेख अर्ज करणाऱ्यांत नाही.